एरिअलला बांधलेलं लिंबू

अहमदपूर
१४ मार्च १९८६

गं. भा. शिवकांता हिस रेवणअण्णाचे अनेक आशीर्वाद. शरणु शरणार्थी.

इकडे सगळे खुशाल. खुशाल म्हणजे विहिरीचा तळ दिसून राहिला, नळाला नुसती हवा येते, आणि तुझी वहिनी गुरम्मा एका घागरीत धुणं, भांडी आणि माझी आंघोळ तिन्ही भागवते. कोणत्या क्रमानं ते मी विचारत नाही.

पत्राला कारण असं की, माझ्या दोन जीपांपैकी एकीला मागे लोखंडी टाकी बसवून मी डोंगरातल्या वाड्या-तांड्यांना पाणी पोचवायला लागलोय. आपला लातूर जिल्हा नवा, टँकरही नवे, पण ते डांबर सोडत नाहीत. डांबर संपलं की गाडीवाट, गाडीवाट संपली की बैलवाट, आणि बैलही जिथं मागं फिरतो तिथून पुढं आपली जीप.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका मालकाची गाडी त्याच डोंगरात कलंडली. ड्रायव्हर सकाळपासून खाली अडकलेला, दिवस मावळेपर्यंत कुणाला पत्ता नाही. जीव वाचला, पाय गेला. तेव्हापासून माझं दुकानात ध्यान नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत. स्टँडवर पंक्चर काढायचो तेव्हा मान वर न करता सांगायचो, ही उदगीर गाडी, हिचा ब्रेक लागत नाही. आपली जीप मला डोंगराच्या पहिल्या वळणापर्यंत ऐकू येते. त्याच्यापुढं काहीच नाही. ते काहीच नाही ऐकत बसणं लई वाईट, शिवकांता.

हैदराबादचा एक ट्रकवाला सांगत होता की सीबी म्हणून वायरलेस सेट मिळतो. एक गाडीत, एक दुकानात. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. तुझं रेडिओचं दुकान, तुला कळतं. स्वस्तातला सांग. धूळ, ऊन, हादरे सोसणारा. आणि स्पीकर गाडीच्या डाव्या अंगाला बसवता आला पाहिजे. उजवीकडून गाडीचा आवाज फार येतो.

गाडी चंद्रप्पा चालवतो. तुझा सिद्धेश्वर दुकानात गल्ल्यावर बसतो. वजन वाढलंय. काळजी नसावी.

तुझा
रेवणअण्णा


नांदेड
२० मार्च १९८६

ती. अण्णांस शिवकांताचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आधी सेटचं लिहिते, मग दुसरं.

ओळखीच्या माणसाकडून हैदराबादहून तीन तऱ्हेचे सेट बघायला मागवले. एक मोठा, चाळीस चॅनलचा, त्याला इतके दिवे की देव्हाऱ्यात ठेवावा. तो घेऊ नको. या सगळ्या सेटांची बोलायची ताकद सारखीच असते, दिवे जास्त म्हणून आवाज लांब जात नाही. दुसरा हातात धरायचा. तो शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलायला ठीक, डोंगरात खेळणंच. तिसरा जुना, मळका, आवाजाचं एक बटण, चॅनलचं एक आणि खरखर मारायचं एक. वेगळा स्पीकर जोडायला मागं भोक आहे. मी तो उघडून बघितला, आतल्या वायरींचं झाळकाम धडकं आहे. तसले दोन घे.

वाचलेले पैसे एरिअलवर घाल. अण्णा, बोलतो तो सेट नाही, बोलतो तो एरिअल. तुझ्या जीपला वर कापड आहे, लोखंडी छत नाही, म्हणून एरिअल टाकीच्या पत्र्यावर उभा करायचा. बुडाशी रंग खरवडून पत्रा उघडा करायचा. एरिअलची काडी मात्र पत्र्याला कुठंही शिवता कामा नये, मध्ये प्लास्टिकचं बूड असतं ते त्यासाठीच. दुकानाच्या माळवदावर उंच पाइप लावून दुसरा. लायसनच्या अर्जाचं मी बघते.

आता दुसरं. तुझ्या जीपचा सायलेन्सर डावीकडून निघतो. दिवाळीला उतरताना माझ्या लुगड्याचा काठ त्यानंच जळाला होता. मग उजवीकडून कसला आवाज येतो? आवाज उजवीकडून येत नाही अण्णा, उजवीकडून ऐकू येत नाही. माझ्या पोराचा उजवा कान लहानपणी फुटला तो कायमचा गेला. डाव्या अंगाला स्पीकर लागतो असा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे.

गाडी तो चालवतो. आणि तू मला वजन वाढल्याचं लिहितोस.

याचे वडील माल आणायला गेले आणि ट्रक घाटात गेला, तेव्हा मी इथं त्यांच्यासाठी दोन वेळा भात रांधून झाकून ठेवला होता. ते खाली पडलेले, आणि मी भाताला माश्या बसू नयेत म्हणून ताटली घालत होते. ते मला पुन्हा करायचं नाही. त्याला पहिल्या गाडीनं परत पाठव.

शिवकांता


अहमदपूर
२५ मार्च १९८६

चि. शिवकांतास आशीर्वाद.

पकडलंस. घरात माझे कान मोठे म्हणतात, पण तू तर कागदावरून ऐकतेस.

चंद्रप्पा होता, हे खोटं नाही. त्या दुसऱ्याचा पाय गेला तसा हा घाबरला, किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "मालक, मला चार लेकरं हायेत." मी किल्ली उचलून घेतली. दुसऱ्या दिवशी जीप उभी. तिसऱ्या दिवशी बोरतांड्यावरून दोन बाया कोरड्या घागरी घेऊन चालत दुकानात आल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या पायरीवर बसल्या. तुझा लेक गल्ल्यावरून उठला.

मी नाही म्हटलं. किल्ली कमरेला खोचली. त्यानं बोनेट उघडून दोन वायरी जोडल्या आणि गाडी चालू केली. रेडिओवाल्याच्या पोराला कुलूप कशाचं लावू?

तो तांडा दोन्ही जिल्ह्यांच्या शिवेवर. लातूरच्या कचेरीत गेलो तर म्हणतात, "ते नांदेडकडं." नांदेडकडच्या साहेबाला विचारलं तर म्हणे, "नव्या जिल्ह्यात गेलं ते." माणसं मात्र तिथंच, कुठंच गेली नाहीत. त्यांना पाणी पोचवणारं सध्या तुझं पोरगं एकटं आहे.

परत पाठवतो म्हणालो त्याला. म्हणाला, "मामा, आईला सांगा, पाऊस पडला की येतो." मी त्याला बांधून ठेवू शकत नाही, आणि खरं सांगू, ठेवावं असंही वाटत नाही. पण गाडी पहिल्या वळणाआड गेली की परत येऊन तो हॉर्न देईपर्यंत मी गिऱ्हाइकाला चुकीचे बोल्ट देत असतो. सेट पाठव. नाहीतर पोरगं तिकडं ओरडेल आणि मी इथं नटबोल्ट विकत बसेन.

रेवणअण्णा


नांदेड
२ एप्रिल १९८६

ती. अण्णांस सा. न.

तीन दिवस तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, म्हणून उत्तराला उशीर. आज एस्टीच्या पार्सलात दोन्ही सेट, दोन एरिअल आणि स्पीकर टाकलेत. पैशाचा विषय काढलास तर पार्सल परत मागवीन.

सिद्धूला सांग, गाडी थांबली की बोलायचं, निघताना बोलायचं. चालवताना नाही. आणि तू कान देऊन ऐक. सेटवर खरखर मारायचं जे बटण आहे ते पार फिरवायचं नाही. दुकानदार लोकांना खरखर नको असते, सेट गप्प झाला की बरं वाटतं. पण लांबचा बारीक आवाज त्या खरखरीच्या आतच असतो, ती मारली की तोही मरतो. खरखर सोसायची.

आणखी एक, हसू नको. दर शनिवारी वहिनीनं ताजं लिंबू आणि सात मिरच्या गाडीला बांधायच्या. बोनेटला नाही, एरिअलच्या बुडाशी. त्याचा आवाज तिथून निघणार, तर नजर तिथंच अडायला पाहिजे. आपल्या बसवण्णांनी असलं काही सांगितलेलं नाही हे मला माहीत आहे. पण त्यांचं पोरगं जीप चालवत नव्हतं.

तुझी
शिवकांता


अहमदपूर
२१ एप्रिल १९८६

चि. शिवकांतास आशीर्वाद.

सेट बसले. पहिल्या दिवशी डोंगरावरून आवाज आला, "मामा, ऐकू येतंय का?" आणि मी बटण दाबायचं सोडून "हाव, हाव" म्हणत माळवदावर पळालो. खाली गिऱ्हाईक हसून बेजार. गुरम्मा तर सेटाला पदर सावरून बोलते. "जेवलास का" विचारते आणि बटण न सोडताच उत्तराची वाट बघते.

तू सांगितल्याप्रमाणे खरखर चालूच ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतात, रेवणअण्णा, दुकानात काय तळायला टाकलंय? तळू द्या म्हणतो.

पण दोन गोष्टी लिहायच्या राहून चालत नाहीत. एक, दुपारच्या वेळी कधीकधी या सेटात परकी माणसं बोलतात. भाषा कळत नाही. कुठली कोण जाणे. जवळच उभी असल्यासारखी स्पष्ट बोलतात आणि एकदम नाहीशी होतात. एकदा सिद्धूच्या आवाजाची वाट बघत असताना एक बाई त्यातून हसली. मी सेटापासून मागं सरकलो.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. शनिवारी पोराचा आवाज बसतो. सोमवार ते शुक्रवार खणखणीत. शनिवारी निघताना कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो, पुढं काही नाही. परत येताना अर्ध्या वाटेत पुन्हा खणखणीत. तीन शनिवार झाले. मी बॅटरी बदलली, वायरी बघितल्या. गुरम्मा म्हणते, शनीचा वार आहे, त्या वारी पाठवू नका. मी असलं मानत नाही. तरी मागच्या शनिवारी तो हॉर्न देईपर्यंत मी पाणीसुद्धा प्यालो नाही.

तुझं लिंबू मात्र चुकत नाही हं. पहिल्याच शनिवारी दोऱ्यानं बांधलं ते गाडी चालू होताना हादऱ्यानं तुटून पडलं आणि तुझी वहिनी हळहळली. म्हणून तेव्हापासून मी दुकानातली उघडी तांब्याची वायर देतो. लिंबू-मिरच्या तिच्यातच ओवायच्या, एरिअलला दोन वेढे, खाली टाकीच्या कडीला एक. डोंगर उतरेपर्यंत तरी टिकतं.

या शनिवारचं काय करू ते लिही. तांड्यावर लग्न आहे, पाणी मागितलंय.

रेवणअण्णा


नांदेड
२५ एप्रिल १९८६, शुक्रवार

अण्णा,

पत्र आत्ता मिळालं. दुकान उघडं टाकून लिहिते.

ती वायर काढ. आत्ताच्या आत्ता काढ. शनीचं काही नाही. एरिअलची काडी पत्र्याला शिवता कामा नये म्हणून मी लिहिलं होतं, आणि तुम्ही दर शनिवारी ती तांब्यानं पत्र्याला बांधून टाकता. त्याचा आवाज एरिअलमधून बाहेर पडतच नाही, वायरीतून टाकीत उतरतो. हादऱ्यानं वायर तुटली की अर्ध्या वाटेत पुन्हा बोलू लागतो. एवढं साधं आहे. सेट जळला नाही हेच नशीब.

मी लिंबू सांगितलं. मी. कुणाची नजर नको म्हणून माझ्या पोराचं तोंड मीच बांधलं.

समोरच्या कापडवाल्यांच्या फोनवरून तुमच्या बाजूच्या सायकलवाल्यांना ट्रंक कॉल लावलाय. लाइन मिळत नाही. एक्स्चेंजच्या बाई म्हणतात, बसा. मी बसलेय, लाइन मिळाली तर पत्राआधी निरोप पोचेल. पत्र एस्टीच्या कंडक्टरच्या हाती देते, पण आजची शेवटची गाडी गेली. उद्याच्या पहिल्या गाडीनं येईल. त्याला उद्या निघू देऊ नको. बसवण्णा करो आणि हे तुला वेळेत मिळो.

शिवकांता


अहमदपूर
२७ एप्रिल १९८६, रविवार

चि. शिवकांतास,

आधी हे वाच: सिद्धेश्वर जिवंत आहे. खाटेवर आहे, चहा पितोय. आता पुढचं वाच.

तुझा फोन लागला नाही, म्हणून हेही कंडक्टरच्याच हाती देतोय. पहिली गाडी वाटेत बंद पडली म्हणे, पत्र पोचलं ते दुपारी, आणि तो सकाळीच निघून गेला होता. कोपऱ्यापर्यंत बोलला, पुढं नेहमीसारखं गप्प. मी मनाला म्हटलं, शनिवार आहे, उतरताना बोलेल. एरवी जेवायच्या वेळेला तो परतीच्या वाटेवर असतो. जेवायची वेळ गेली. मग कंडक्टरनं तुझं पत्र आणून दिलं. ते उभ्याउभ्या वाचलं. म्हणजे तो बोलत असेल, आणि मला ऐकू येत नसेल.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं विचारलं, "बोरतांडा? तो आपल्या हद्दीत येतो का?" मी म्हटलं, "साहेब, पोरगं माझ्या हद्दीत येतंय." कागद काढायला लागले. मी उठून आलो. चंद्रप्पाला दुसरी जीप काढायला सांगितलं. त्यानं किल्ली घेतली. पण कुठं जायचं? त्या डोंगरात तीन वाटा. चुकीची धरली तर ऊन उतरून जातं. मी म्हटलं, थांब, मला ऐकू दे.

गुरम्मानं दुकानाची फळी लावली. स्टँडवर गाड्या चालू होत्या, त्यांचा आवाज नको म्हणून मी सेटाला कान टेकवून डोक्यावर घोंगडी घेतली. एप्रिलच्या उन्हात. नुसती खरखर. तीच परकी माणसं मध्येच बोलली, तीच बाई हसली. मी रडलो, लाज कशाची.

आणि मग त्या खरखरीच्या अगदी तळाशी, माशी काचेवर आपटावी तसं, "मामा."

तू खरखर मारू नको म्हणालीस म्हणून ऐकू आलं. मी म्हटलं, "बोल बाळा." तो म्हणाला, "बोरतांड्याच्या खालचा ओढा. पाय अडकलाय. पाणी सगळं सांडलं."

त्याची हकिकत अशी. ओढ्याच्या काठाची माती कोरडी होऊन पोकळ झालेली, चाक पडलं आणि जीप उजव्या अंगावर आडवी. पाय स्टीअरिंगखाली. उजवा कान मातीत, डावा वर, म्हणून स्पीकरची खरखर तरी ऐकू येत होती. टाकीचं झाकण उघडलं आणि सगळं पाणी त्याच्या डोळ्यांसमोर वाळूत गेलं. तोंडात घोटभरही नाही. माइक हातात, ओरड ओरड ओरडला. कुणी नाही. ऊन चढत गेलं. घसा असा कोरडा की आवाज निघेना. आडव्या टाकीवरचा एरिअल त्याच्या डोक्याशी येऊन पडला होता आणि त्याला तुझं लिंबू लोंबत होतं. कालच्या दिवसात त्या डोंगरात ओली अशी ती एकच वस्तू होती. त्यानं हात लांबवला, वायरीसकट ओरबाडलं आणि चोखलं. घसा ओला झाला तसं सवयीनं पुन्हा बटण दाबलं.

आणि मी ऐकलं.

आम्ही पोचलो तेव्हा पाण्याची वाट बघून तांड्यावरची वऱ्हाडी मंडळी बासिंगासकट खाली उतरली होती. नवरदेवानंही जीपला खांदा दिला. हाड मोडलंय, घोट्याजवळ. डॉक्टर म्हणतात, पाय राहील.

आता तू आणि तुझी वहिनी भांडत बसा, लिंबू मारत होतं की लिंबानं वाचवलं. तिनं आजपासूनच सुरू केलंय. मला विचारशील तर वायर माझी होती.

रेवणअण्णा

ता. क. आई, मी बरा आहे. लिंबू लई आंबट होतं. सिद्धू.


नांदेड
२९ एप्रिल १९८६

ती. अण्णांस सा. न.

पहिली ओळ वाचून मी पत्र मिटलं. पुढचं संध्याकाळी वाचलं.

सिद्धूला परत पाठव असं लिहायला बसले होते. मग मनात आलं, त्या तांड्यावरच्या बाया पुन्हा तुझ्या पायरीवर येऊन बसतील, आणि पाय बरा झाला की हा पुन्हा वायरी जोडेल. हे त्याच्या बापाचंच पोर. चंद्रप्पा तोवर चालवतो म्हणाला असेल तर त्याला माझा नमस्कार सांग.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुझे कान चांगले आहेत, पण तुला दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, आणि वहिनी बटण सोडत नाही. पाऊस पडेपर्यंत त्या सेटापाशी बसायला माणूस पाहिजे. दुपारी ती परकी बाई हसली की तिला ओळखणारं कुणी पाहिजे. ते लांबच्या देशांतले आवाज असतात, उन्हाळ्यात आभाळावर आपटून येतात. त्यात घाबरायचं काही नाही. मीच आयुष्यभर कुणाच्या तरी आवाजाची वाट बघत बसलेली बाई आहे, मला ते जमतं.

दुकान शेजारच्या पोराकडे सोपवून परवाच्या सकाळच्या गाडीनं येते. हे कंडक्टरच्या हाती देतेय, स्टँडवर घ्यायला ये. सिद्धूसाठी भात रांधून ठेवायला वहिनीला सांग. मी आल्यावर वाढेन, झाकून ठेवू नका.

आणि शनिवारचं लिंबू मी आणते. सुती दोऱ्यात ओवलेलं. ते बोनेटला बांधू.

तुझी
शिवकांता